डावा कोपरा गाडीत बसवून आणता येत नाही

काल रात्री मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येत्या हंगामातील कबड्डीच्या खुल्या गटाच्या बारा खेळाडूंची यादी आली आणि ती वाचल्यापासून माझे डोके ठिकाणावर नाही. यादीत चार नावे बाहेरची आहेत. त्यात दोन चढाईपटू आहेत, एक अष्टपैलू आहे आणि एक चक्क डावा कोपरा, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभा राहून चढाईपटूचा पाय धरणारा गडी आहे. मागच्या हिवाळ्यात ज्याच्या पकडीमुळे हे गाव अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, तो आमचा स्वतःचा डावा कोपरा राखीव खेळाडूंमध्येसुद्धा नाही. मी फोन करून कारण विचारले, तर उत्तर मिळाले, "काका, थो सरावाले येतच नाही ना."

ऑक्टोबर महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा-नेरच्या पट्ट्यात शेतकऱ्याचा कोणता पोरगा संध्याकाळी पाच वाजता मैदानावर उभा राहू शकतो, हे मला या निवड समितीने सांगावे. सोयाबीन सोंगून पडले आहे, आभाळ रोज दुपारनंतर भरून येते, थ्रेशरवाला आज येईल की परवा याचा भरवसा नाही आणि गंजीवर ताडपत्री ओढायला घरात म्हाताऱ्या बापाशिवाय दुसरा माणूस नाही. अशा दिवसांत तो सरावाला आला असता, तर बापाला वावरात एकटे सोडून कबड्डी खेळतो म्हणून याच मंडळींनी त्याला नावे ठेवली असती. आणि ज्या चौघांना यादीत घेतले, ते सरावाला किती वेळा आले? एकदाही नाही. ते सामन्याच्या दिवशी गाडीने येतील, गाडीतच कपडे बदलतील आणि सामना संपला की पाकीट घेऊन निघून जातील. म्हणजे हजेरीचा नियम फक्त गावातल्या पोरांसाठी आहे. सरावाला हजेरी हवी, हे मला मान्य आहे. पण मग ती बाराही जणांची हवी.

मागच्या वर्षीच्या उपांत्य सामन्याला गुणपत्रिका माझ्याच हातात होती, म्हणून हे ठामपणे लिहितो. आपण एका गुणाने मागे होतो, आपल्या अंगणात तीनच गडी उरले होते आणि शेवटची चढाई समोरच्या संघाची होती. त्यांच्या चढाईपटूला गुण आणायचा नव्हताच. चढाईत ओलांडावीच लागते ती निदान रेषा ओलांडायची आणि सुखरूप परत जायचे, एवढेच त्याचे काम होते. अशा वेळी कोपऱ्यातला गडी सहसा मागे थांबून राहतो आणि सामना हातचा जातो. आमच्या पोराने मात्र संपूर्ण सामन्यात एक गोष्ट हेरून ठेवली होती. तो चढाईपटू दर वेळी उजव्या पायाने रेषा ओलांडायचा आणि आतल्या बाजूला वळायचा. या वेळी त्याचा पाय पडण्याच्या आधीच आमचा पोरगा पुढे सरकला होता. घोटा सापडला, मध्यरक्षक, म्हणजे कव्हर, वरून पडला, पंचांची शिट्टी वाजली आणि तीनच गडी असताना केलेल्या अव्वल पकडीचे दोन गुण मी लिहिले. लिहिताना माझा हात थरथरत होता, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

ही पकड कोणत्याही लिलावात विकत मिळत नाही. चढाई हे एकट्याचे काम आहे, त्यामुळे चांगला चढाईपटू कुठल्याही संघात जाऊन गुण आणू शकतो, हे मी मानतो. बचावाचे तसे नाही. कोपऱ्याने घोटा धरला की दुसऱ्या क्षणाला मध्यरक्षक तिथे पोहोचलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू त्या धरणाऱ्यालाच फरफटत घेऊन मध्यरेषेला हात लावतो, आणि सोबत जो जो त्याला चिकटला असेल तो प्रत्येक जण बाद होतो. कोण किती लवकर झेपावतो, कोणाचा गुडघा दुखतो, साखळी करताना कोणाचा हात घामाने सुटतो, हे वर्षानुवर्षे एकत्र खेळल्याशिवाय कळत नाही. इराणचा फजल अत्राचली डाव्या कोपऱ्यावर उभा राहून प्रो कबड्डीत कसा राज्य करतो, हे ज्यांनी टीव्हीवर पाहिले, त्यांना मी वेगळे काय सांगावे? १९९० पासून आशियाई स्पर्धेत सलग सात सुवर्णपदके घेणारा आपला भारतीय संघ २०१८ मध्ये जकार्तात याच इराणकडून उपांत्य सामन्यात १८-२७ असा हरला. त्या दिवशी आपल्याकडे नावाजलेल्या चढाईपटूंची काही कमी नव्हती.

आता कोणी मला लगेच रणजीचे उदाहरण देईल, आणि दोघांनी ते रात्रीच ग्रुपवर दिलेही आहे. विदर्भाच्या विजेत्या संघात वसीम जाफर बाहेरचा होता आणि २०२४-२५ च्या हंगामात करुण नायरही बाहेरचाच होता. ठीक आहे, ते खरे आहे आणि त्यांच्या धावांवर मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण त्याच २०२४-२५ च्या हंगामात ६९ बळी घेऊन विक्रम करणारा हर्ष दुबे आणि ९६० धावा काढणारा यश राठोड हे इथेच घडले. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध १५३ धावा काढणारा दानिश मालेवारही आपलाच होता. बाहेरचा माणूस आणला तो घरच्या मुलांच्या सोबतीला आणला, त्यांना उठवून त्यांच्या जागी बसवला नाही. शिवाय जाफर काही एका रात्रीच्या पाकिटासाठी आला नव्हता. तो वर्षानुवर्षे विदर्भाकडून खेळला आणि नव्या पोरांशी बोलत राहिला.

पाकिटाचा विषय निघालाच आहे, तर तेही लिहून टाकतो. मागच्या वर्षी ज्या चढाईपटूसाठी मंडळाने वर्गणीतला मोठा वाटा मोजला, तो त्या उपांत्य सामन्याच्या शेवटच्या चढाईच्या वेळी बाद होऊन बाहेर बसला होता. त्यात त्याचा दोष नाही, खेळात असे होतेच. पण दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्याला तो आलाच नाही, कारण त्याला त्याच रात्री दुसऱ्या गावाच्या स्पर्धेत जास्त पैसे मिळाले होते. आपण अंतिम सामना हरलो. तरीही यंदा त्याच पद्धतीची चार माणसे, आणि ज्याने तो उपांत्य सामना जिंकून दिला त्याला घरी बसवले! उद्घाटनाच्या भाषणात दरवर्षी तुम्ही माइक हातात घेऊन सांगता, की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली. ते सांगताना छाती फुगते, मग यादी करताना वऱ्हाडातली पोरे तुमच्या डोळ्यांत का खुपतात?

मला कळते की मोठ्या नावाशिवाय बक्षिसांचे प्रायोजक मिळत नाहीत आणि नाव पाहून चार गावांची माणसे सामने पाहायला येतात. अध्यक्षभाऊंनी मागच्या वर्षी दिव्यांचे आणि मॅटचे भाडे स्वतःच्या खिशातून भरले, हेही मी विसरलेलो नाही. आणि त्या बाहेरच्या पोरांवर तर माझा मुळीच राग नाही. तीही कोणाच्या तरी कोरडवाहू घरातली मुले आहेत आणि अंगातल्या कसबाचे चार पैसे घेत आहेत. गुडघा एकदा गेला की त्यांना कोणी विचारणार नाही. त्यांनी जिथे मिळतील तिथे पैसे घ्यावेत. प्रश्न आपल्या निवडीचा आहे.

हे लिहायचे की नाही, या विचारात मी सकाळपर्यंत थांबलो होतो. सकाळी तो पोरगा वावराच्या वाटेवर भेटला. खांद्यावर ताडपत्रीची घडी होती. मागच्या वर्षी उपांत्य सामन्याच्या दिवशीही तो संध्याकाळपर्यंत कापूस वेचूनच आला होता, आणि बोंडांच्या टोकांनी सोललेल्या नखांच्या कडांना चिकटपट्ट्या गुंडाळून खेळला होता. मला वाटले, यादीबद्दल दोन शब्द बोलेल, निदान मला तरी दोष देईल, कारण मीही मंडळाचाच माणूस आहे. तो एवढेच म्हणाला, "काका, थ्या नव्या पोराले सांगजा, आपला उजवा कव्हर घाईनं उडी मारते. त्याची वाट पाहू नको म्हणा, लगेच पाय धरजो." माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्याला संघातून काढले, त्यालाच संघ कसा खेळतो हे ठाऊक आहे, आणि यादी करणाऱ्यांपैकी एकालाही ही गोष्ट सांगता आली नसती.

तेव्हा माझे म्हणणे स्पष्ट आहे. ही यादी अंतिम समजू नये. सोयाबीन घरात आल्यावर आणि दिवाळी झाल्यावर गावातल्या सगळ्या मुलांची मैदानावर निवड चाचणी घ्यावी. बाहेरचे आणायचेच असतील तर एक किंवा दोन चढाईपटू आणावेत, त्यांनी किमान दोन सराव सामने आपल्या पोरांसोबत खेळावेत आणि पाकिटाची निम्मी रक्कम अंतिम सामना संपल्यावरच द्यावी. दोन्ही कोपरे आणि दोन्ही मध्यरक्षक गावचेच राहावेत. एवढे होणार असेल तर माझी वर्गणी उद्याच घेऊन जा. होणार नसेल, तर या वर्षी गुणपत्रिका लिहायलाही बाहेरून कोणीतरी आणावे.

या विषयावर येत्या रविवारी बैठक बोलवा, अशी पदाधिकाऱ्यांना जाहीर विनंती आहे. फक्त ती सकाळी ठेवू नका. सकाळी सगळे गाव वावरात असते आणि मग तुम्ही म्हणाल की बैठकीला कोणी आलेच नाही. रात्री जेवणानंतर ठेवा, आठच्या पुढे.