आधी कल्चर, मग डोस
जंतू अँटिबायोटिक्सना दाद देईनासे झालेत, यावरच्या तुमच्या लेखात सगळा दोष मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेणाऱ्यांवर टाकलाय. तो आहेच, पण आयसीयूत काय चालतं तेही लिहा की! मी लॅबमध्ये काम करते. मेरोपेनेम या जबर अँटिबायोटिकचे डोस सुरू झाल्यावर रक्ताची बाटली कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून तपासायला, आमच्याकडे येते. मग औषधामुळे बरेचदा कल्चरमध्ये काही उगवतच नाही आणि औषध तसंच चालू राहतं. उगवलं, साधं औषध चालेल असा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी गेला, तरी उत्तर ठरलेलं: "पेशंट सुधारतोय, आता कशाला बदला?" क्लेब्सिएलासारखे जंतू मेरोपेनेमलाही दाद देईनासे झाले की अनेकदा कोलिस्टिन या जुन्या अँटिबायोटिकवर यावं लागतं, जे किडनीला त्रास देतं म्हणून एकेकाळी मागे पडलं होतं. आणि तेच औषध २०१९ मध्ये बंदी येईपर्यंत आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं, यावर लेखात एक ओळ नाही.