देवाकडे दाखला मागू नये

नाशिकच्या राजकारणात पाय रोवण्याचा आपला विचार असेल, तर आपली श्रद्धा प्रथम चार लोकांच्या नजरेत भरेल अशा ठिकाणी नेऊन ठेवावी. रामकुंड, काळाराम आणि त्र्यंबकेश्वर ही स्थाने या कामी उत्तम असून 2027 च्या सिंहस्थामुळे सध्या हंगामही अनुकूल आहे. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधानांनी आणि त्यानंतर दहाच दिवसांनी त्यांचे विरोधक उद्धव ठाकरे यांनी काळारामाचे दर्शन घेतले, यावरून या बाबतीत पक्षभेद आड येत नाही, हे आपल्या ध्यानी येईल. सोवळे कडक इस्त्रीचे असावे आणि कॅमेऱ्याचे तोंड गाभाऱ्याकडे नसून आपल्याकडे असावे, एवढी काळजी पुरे. देव आहे की नाही, याचा दाखला मात्र चुकूनही मागू नये. श्रद्धेला तो शोभत नाही.

दाखला मागायचा तो जखमी जवानाकडे. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण आणि लष्करी रुग्णालय, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर असल्यामुळे असे जवान आपल्या दारी येणारच. त्यांना ‘आमचे वीर’ म्हणावे, 7 डिसेंबरला ध्वजदिनाचा बिल्ला ठळक दिसेल असा लावावा, निधीच्या डब्यात नोट अंमळ सावकाश टाकावी. पेन्शनचा विषय निघाला की मात्र स्वर बदलावा. इजा लष्करी सेवेमुळे झाली, की सेवेत असताना केवळ योगायोगाने झाली, हा प्रश्न फार पवित्र आहे. वीस वर्षे तोफेशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला ऐकू येईनासे झाले, तर त्याच्या आजोबांना ऐकू येत होते का, याची चौकशी आधी करावी.

एवढे करूनही जवान सैनिकांचे दावे ऐकणाऱ्या सशस्त्र दल लवादात जिंकलाच, तर खचून जाऊ नये. वर सर्वोच्च न्यायालय आहे. अपंगत्व अंगावर वागवत ज्यांनी नोकरीची पूर्ण मुदत भरली, त्यांचे वीस टक्के अपंगत्व पेन्शनपुरते पन्नास टक्के धरण्याचा लाभ त्यांना मिळू नये, म्हणून केंद्राने शेकडो अपिले केली होती. ती 10 डिसेंबर 2014 रोजी, म्हणजे ध्वजदिनानंतर तिसऱ्याच दिवशी, फेटाळली गेली. तरीही जिद्द पाहा: 24 जून 2019 रोजी नेमक्या अशाच जवानांच्या अपंगत्व पेन्शनवर प्राप्तिकर लावणारे परिपत्रक निघाले. (जखमी होऊनही कामावर टिकून राहण्याचा हट्ट धरला, तर त्याची किंमत मोजावी लागणारच.) हा व्याप टाळण्यासाठी अग्निवीरांची व्यवस्था सोयीची आहे. 50 टक्के अपंगत्वाला 15 लाख, 75 ला 25 आणि 100 ला 44 लाख रुपये एकरकमी दिले, की महिन्याच्या महिन्याला अपंगत्वाच्या पेन्शनची कटकट नाही.

सत्काराचीही घाई करू नये. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचे पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला तो 2025 च्या जानेवारीत. नवस याहून लवकर फळतात, परंतु ते खाते निराळे.

सिंहस्थात आपण स्नान उरकून दर्शनाला निघाल, तेव्हा कुबडीवर भार देऊन उभा असलेला एखादा माजी सैनिक रांगेत थोडे पुढे सोडण्याची विनंती करील. त्याचा दाखला आधी नीट वाचून घ्यावा. त्यावर वीस टक्के असतील आणि ते पन्नास धरावेत असा आग्रह त्याने धरलाच, तर देवाच्या दारी सगळे सारखेच असतात, हे त्याला शांतपणे समजावून सांगावे आणि पुजारी खोळंबले असल्याने आपण बाजूच्या दाराने आत जावे.