खुलासा : लालसर देठाचं प्रत्येक पसरट तण घोळ नसतं

‘लॉनमध्ये किंवा पिकात जमिनीलगत पसरलेलं, लालसर देठाचं तण दिसलं की ती घोळच; बिनधास्त खुडून खा,’ असा मेसेज फोटोसह फिरतो आहे. तो चुकीचा आहे. फोटोतलं तणही घोळ ही पालेभाजी नाही, नायटी नावाच्या चिकाळ तणाच्या गटातलं म्हणजे युफोर्बिया आहे. त्याची पातळ पानं देठावर समोरासमोर जोडीने आहेत आणि तुटलेल्या टोकाशी पांढरा थेंब स्पष्ट दिसतो.

हा थेंबच सगळ्यात भरवशाची खूण. देठ मोडून पाहा. नायटीतून दुधासारखा चीक लगेच येतो, घोळीतून फक्त पाणी. हा चीक त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना झोंबतो, पोटात गेला तर त्रास होतो. म्हणून मोडून पाहिल्यावर हात धुवा. घोळीची पानं जाड, रसाळ, गुळगुळीत, टोकाकडे झुबक्याने येणारी. फूल पिवळं, उन्हात उघडणारं. पिकलेल्या बोंडाचं टोपण झाकणासारखं निघतं आणि आत काळं बारीक बी असतं. नायटीचं बोंड तीन कप्प्यांचं.

दोन्ही तणं अनेकदा एकमेकांत गुंतून वाढतात, म्हणून एक काडी तपासून सगळी जुडी खुडू नका. आणि खरी घोळ असली तरी तणनाशक मारलेल्या जागेतली खाऊ नये, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.