बाळ आधीच गव्हाणीत ठेवू नका

२५ डिसेंबरची दुपारची जेवणं आटोपली की बऱ्याच ख्रिस्ती घरांत नाताळ संपलेला असतो. सगळे दमलेले असतात, आवाज बसलेले असतात आणि कधी एकदा आडवं होतो असं झालेलं असतं. उपासनेच्या पंचांगाप्रमाणे मात्र तो नुकताच सुरू झालेला असतो. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार तयारीचे. मग २५ डिसेंबर ते ५ जानेवारी हे बारा दिवस सणाचे आणि ६ जानेवारीला प्रभुप्रकटनाचा, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक येशूच्या दर्शनाला आल्याचा सण. आपण तयारीच्या दिवसांत सण उरकतो आणि सणाच्या दिवसांत पसारा आवरत बसतो. नाताळ पोकळ वाटला की बाजाराला बोल लावणं सोपं जातं, पण माझ्या मते निम्मा दोष या उलटापालटीचा आहे.

तुमची मंडळी (चर्च) आगमनकाळ पाळत नसेल तरी घरात तो पाळता येतो. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी येतो, त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा तर कधी २८ दिवसांचा असतो. तारीख आधी बघून ठेवा, कारण नाताळ सोमवारी आला की चौथा रविवार थेट २४ तारखेलाच येतो आणि शेवटचा आठवडा हातात उरतच नाही.

आता वाचन. डिसेंबरच्या १ ते २४ तारखांना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे २४ अध्याय वाचायचे, ही पद्धत पुष्कळांना माहीत आहे. ती चांगली आहे, पण दोन ठिकाणी अडते. पहिल्या अध्यायात ८० वचनं आहेत. शाळा-नोकरीच्या गडबडीत ती एका बैठकीत मोठ्याने वाचली की मुलं दुसऱ्या दिवशी पळ काढतात. शिवाय येशूचा जन्म २ तारखेलाच वाचून होतो आणि नाताळच्या आदल्या रात्री आपण रिकाम्या कबरेपाशी असतो. अर्थ म्हणून त्यातही गोडी आहे, पण वाट पाहणं त्यात राहत नाही.

माझी पसंती संथ वाचनाला आहे. २४ डिसेंबरपर्यंत फक्त लूकचा पहिला अध्याय आणि मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला. ८० आणि २५ मिळून १०५ वचनं होतात, म्हणजे रोज चार-पाच. नाताळापासून पुढे लूकचा दुसरा अध्याय आणि मत्तयचा दुसरा, ५२ आणि २३ मिळून ७५ वचनं. २८ डिसेंबर हा बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा दिवस, त्या दिवशी हेरोद राजाने त्या बालकांना मारल्याचा आणि येशूला घेऊन मिसर देशाला पळून जाण्याचा भाग घ्या. मागी लोक, म्हणजे ते पूर्वेकडचे ज्ञानी, ६ जानेवारीला. मत्तय त्यांना घरात येताना दाखवतो, गव्हाणीपाशी नाही, आणि ते किती जण होते हेही सांगत नाही. देखाव्यातले तिघे आपण सोन्या-ऊद-गंधरसावरून मोजलेले आहेत. मुलांना हे स्वतः शोधू द्या, त्यांना फार आवडतं.

मत्तयमधली वंशावळ बहुतेक लोक गाळतात. ती गाळू नका. अब्राहामापासून चाललेल्या त्या पुरुषांच्या रांगेत मरीयेच्या आधी चार स्त्रिया येतात: तामार, राहाब, रूथ आणि ‘उरीयाची बायको’. चौथीचं तर नावसुद्धा घेतलेलं नाही. ज्या घरात कुणाचं तरी नाव वर्षानुवर्षं टाळलं जातं, त्या घराने तरी इथे दोन दिवस थांबावं.

वाचनात खंड पडतोच. पडला तर राहिलेलं भरून काढायला जाऊ नका, त्या दिवसाचं तेवढं वाचा. थकबाकी साचली की वही बंद होते. घरात गव्हाणीचा देखावा मांडत असाल तर बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत ठेवू नका. ती रिकामी गव्हाणी महिनाभर डोळ्यांसमोर राहिली की लहान मुलालासुद्धा आगमनकाळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दानाबद्दल थोडं परखड लिहितो. देण्याची रक्कम खरेदीच्या आधी बाजूला काढा. खरेदीनंतर उरलेल्यातून द्यायचं ठरवलं की काही उरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मरीया आणि योसेफ यांनी मंदिरात होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिलं अर्पण केली असं लूक सांगतो. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात ही सवलत कोकरू न परवडणाऱ्यांसाठी आहे. आपण ज्याची उपासना करतो तो त्या सवलतीच्या घरात वाढला. मग ज्याला द्यायचं त्याच्या हातात पिशवी देऊन फोटो कसा काढायचा? फोटो काढू नका. आश्रमात किंवा वसतिगृहात जायचं असेल तर आधी फोन करून काय हवंय ते विचारा आणि तारीख जानेवारीच्या शेवटची किंवा फेब्रुवारीतली मागा. नाताळच्या आठवड्यात तिथे पाहुण्यांची रीघ असते. जुने कपडे देताना धुऊन, बटणं-चेन तपासून द्या. जे तुम्ही स्वतः घालणार नाही ते देऊही नका.

समेटाचं काम १५ डिसेंबरच्या आत करा. मत्तयच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, त्यामुळे २४ च्या रात्री सगळ्यांना एकगठ्ठा शुभेच्छा पाठवून ते होत नाही. ‘माझं काही चुकलं असेल तर माफ कर’ हे वाक्य टाळा. त्यातल्या ‘असेल तर’मुळे ऐकणाऱ्याला कळतं की तुम्हाला अजून काही पटलेलं नाही. काय चुकलं ते एका वाक्यात सांगा, माफी मागा आणि थांबा. ‘पण’ आला की पुन्हा भांडण. उत्तर आलं नाही तर दुसरा निरोप पाठवू नका, समोरच्याला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती या वर्षी मयत झालेल्या घराची. त्यांचा हा पहिला नाताळ. तिथे गाणाऱ्यांचा ताफा घेऊन अचानक जाऊ नका. आदल्या दिवशी विचारा, दोघंच जा, अर्धा तास बसा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. आपण नाव काढलं तर त्यांना त्रास होईल असं वाटतं, पण बहुतेकदा ते नाव कुणीच काढत नाही याचाच त्रास होत असतो. ‘देवाची इच्छा’ म्हणू नका. ते म्हणायचा अधिकार असलाच तर त्या घरातल्यांचा. प्रार्थना करायची तर विचारून आणि छोटी. निघताना एखादं ठरावीक काम अंगावर घ्या: अमुक दिवशी दवाखान्यात सोबत येतो, तमुक दिवशी मुलांना सांभाळतो. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर कुणी सांगत नाही. आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दिवे-तारे उतरल्यावर, पुन्हा एकदा जाऊन या.