सात खाती, एक फॉर्म

साहेब कुठल्याशा ट्रेनिंगला गेले आणि येताना ‘क्रॉस-फंक्शनल टीम’ घेऊन आले. काम काय, तर ग्राहकांच्या तक्रारीचा फॉर्म सुटसुटीत करायचा. त्यासाठी सात खात्यांनी एकेक माणूस द्यायचा. कामाचा माणूस कोण देतो? डिस्पॅचनं मला दिलं.

मीटिंगला तारीखच मिळेना. अकाउंट्सच्या मॅडमना करांच्या तारखा: ७ पर्यंत टीडीएस, ११ पर्यंत जीएसटीआर-१, २० पर्यंत ३बी. मधल्या दिवसांत त्या ‘रिकन्सिलिएशन’ करतात, म्हणजे फोन उचलत नाहीत. त्यानंतर एचआरचे पगार, मग सेल्सचं महिनाअखेरचं टार्गेट. तेव्हा सेल्सवाला घरच्यांनाही दिसत नाही. आयटीवाला शुक्रवारी कशालाच हात लावत नाही. कशीबशी १३ तारीख जमली, तर वेळेवरून वाद. मॅडमना संध्याकाळची विरार गाठायची, पर्चेसवाला बदलापूरहून येणार. त्याचे सकाळचे दहा म्हणजे मध्य रेल्वेच्या मर्जीवर.

सात माणसांत जोड्या होतात २१. आमच्या बहुतेक जोड्या ईमेलवरच बोलत, तेही सीसीत आपापला साहेब घालून. बरोबरच आहे म्हणा, इन्क्रिमेंट खात्याचा साहेब देतो. टीम लीडरशी आमची नुसती ‘डॉटेड लाइन’: त्यानं सांगायचं, आम्ही ‘बघतो’ म्हणायचं. व्हॉट्सॲप ग्रुप दोन, एक सगळ्यांचा आणि एक लीगलला वगळून. मला वगळून तिसराही आहे, हे नंतर कळलं.

मेल्विन कॉन्वे नावाच्या संगणकतज्ज्ञानं १९६८ साली लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशाच घाटाच्या गोष्टी ती संस्था बनवते. गृहस्थ आमच्या लोअर परळच्या ऑफिसात कधी आले नसावेत, पण फॉर्म त्यांनी सांगितल्यासारखाच झाला. आधी एक पान होतं, आता सात. प्रत्येक खात्याचं स्वतंत्र. मिक्सर बंद पडलेल्या काकूंकडे अकाउंट्सनं जीएसटी नंबर मागितलाय. आयटीचा ओटीपी दर पानाला. तक्रार करताना मनःस्थिती कशी होती, तेवढ्यापुरते एचआरचे पाच हसरे चेहरे. रडका एकही नाही. आणि लीगलची तळटीप: ‘सदर तक्रार ही तक्रार समजली जाईलच असे नाही.’

तक्रारी एकदम घटल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि खूश होऊन कॅन्टीनचा मेनूही याच टीमकडे सोपवला. लीगलनं तर्रीची व्याख्या मागितली आहे.