रॉकवरचा सिनेमा आणि गाणीच म्यूट, वा रे वा

एक साधा टीव्ही सिनेमा बघायचाय हो. नवीन नाही, गाजलेला नाही, ऑस्कर-बिस्कर तर लांबच. 2001 साली अमेरिकेत व्हीएच-वन या म्युझिक चॅनेलने दाखवलेला 'स्ट्रेंज फ्रिक्वेन्सी'. भुताटकीच्या चार वेगवेगळ्या गोष्टी, सगळ्या रॉक म्युझिकच्या दुनियेतल्या, आणि सूत्रधार कोण, तर 'द हू' या रॉक बँडचा गायक रॉजर डाल्ट्री. लहानपणी 'आहट' लागलं की गोधडीत तोंड खुपसून एका फटीतून बघायचं आणि कॉलेजात गेल्यावर रॉकच्या कॅसेटी जमवायच्या, अशा माणसासाठीच जणू बनवलाय. आणि तो मला पैसे देऊन, सरळ मार्गाने, माझ्याच घरातल्या टीव्हीवर बघता येत नाही. डोक्याला शॉट लागलाय म्हणून लिहितोय, ज्याला लांबण वाटेल त्याने पुढे सरका.

पैसे देत नाही असं नाहीये. दर महिन्याला कुठून ना कुठून खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज येतोच, एक ॲप मोबाईल प्लॅनसोबत आलेलं, एक मुलांसाठी घेतलेलं, एक बायकोच्या मालिकांसाठी, एक कुठल्यातरी मॅचसाठी घेतलं आणि कॅन्सल करायचं बटण कुठे लपवलंय ते अजून सापडलेलं नाही. एवढं सगळं असताना रिमोटवर एकेक अक्षर टिपत बसायचं, एस, मग टी, मग आर, बाण खाली, बाण उजवीकडे, एक चुकलं की परत मागे, आणि शेवटी काय दिसतं? 'स्ट्रेंज' शब्द असलेलं भलतंच काहीतरी, त्याखाली 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून एक कुकिंग शो. अरे मी मेटल, भूत, नरक शोधतोय आणि तू मला पास्ता दाखवतोस? व्हॉइस सर्च केलं तर त्याहून कहर. 'फ्रिक्वेन्सी' ऐकल्याबरोबर 'पैसा खेचणारी फ्रिक्वेन्सी, रात्रभर लावून झोपा' असले तासन्‌तासांचे व्हिडिओ. पैसा खेचतायत खरा, पण माझा.

एकदा कुठेतरी नाव सापडलं, पोस्टर दिसलं, जीव हरखला, क्लिक केलं, तर 'तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही'. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला एकदा भेटायचंय. नाही ना उपलब्ध, मग दाखवतोस कशाला बाबा? आधी ताट वाढून दाखवायचं आणि मग हात लावू नको म्हणायचं.

मग काय, शेवटी गेलो कोणीतरी अपलोड केलेल्या कॉपीकडे. तिथली दशा ऐका. चित्र उलटं, म्हणजे आरशात दिसतं तसं डावं-उजवं फिरवलेलं, का तर कॉपीराइट पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला ओळखू येऊ नये. म्हणून नावांची पाटी आली की सगळी अक्षरं उलटी. स्क्रीनच्या मध्ये छोटा चौकोन, आजूबाजूला चमचमणारे तारे. आणि आवाज त्याच कारणासाठी वरच्या पट्टीत चढवलेला, त्यामुळे डाल्ट्री, ज्या माणसाच्या एका किंकाळीने स्टेडियम हलायचं, तो डोरेमॉनसारखा बोलतोय. मी तेही सहन केलं असतं. पण पुढे जे झालं ते नाही.

या चारातली एक गोष्ट आहे 'डिस्को इन्फर्नो'. दोन पक्के मेटलवाले, म्हणजे कर्कश रॉकचे वेडे पोरगे, गाडीचा अपघात होतो, तिथून चालत एका क्लबमध्ये शिरतात, आत डिस्को चालू आहे, बाहेर पडायचा रस्ता काही सापडत नाही आणि हळूहळू कळतं की आपण मेलोय आणि हाच आपला नरक आहे, कायम डिस्को, संपणारच नाही. काय भन्नाट कल्पना आहे राव! ज्यांना अमेरिकेतलं ते रॉकवाले विरुद्ध डिस्कोवाले भांडण माहीत आहे त्यांना तर अजूनच मजा येईल. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन मॅचच्या मधल्या वेळात एका रेडिओवाल्याने डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग मैदानात चक्क स्फोट करून उडवला होता, पब्लिक मैदानात घुसलं, हिरवळीची वाट लागली आणि यजमान टीमला दुसरी मॅच सोडून द्यावी लागली. एवढा राग होता! त्या रागाची ही भुताटकीतली वसुली आहे.

आणि या गोष्टीत कॉपीराइटवाल्यांनी गाणी म्यूट केलीयेत. कळतंय का? नरक म्हणजे गाणं, गाणं थांबत नाही हीच शिक्षा, आणि मला दिसतंय काय तर दिव्यांखाली माणसं हातवारे करत गुपचूप नाचतायत आणि ते दोघं कान धरून ओरडतायत. कशाला ओरडताय रे? एवढी शांतता तर आमच्या सोसायटीत दुपारी दोनला पण नसते. खाली सबटायटलमध्ये येतं 'संगीत वाजत आहे'. कुठे वाजतंय? कोणाच्या घरी?

दुसऱ्या एका ठिकाणी दहा-बारा मिनिटांचा तुकडा मिळाला, तर तिथे आपोआप हिंदी डबिंग चालू. मी मागितलं नव्हतं. सगळ्या पात्रांना एकच आवाज, बाई बोलली तरी तोच, खून झाला तरी तोच, बँकेचा कॉल आल्यासारखा एकसुरी. मूळ आवाज परत आणायचा तर सेटिंगमध्ये जा, तीन टिंबं दाबा, ऑडिओ ट्रॅक शोधा, तोपर्यंत मध्ये गुटख्याच्या भावंडाची वेलचीची जाहिरात.

आता हे असं का होतं ते पण सांगतो, म्हणजे राग योग्य ठिकाणी जाईल. सिनेमात गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात. शब्द आणि चाल ज्याची त्याची एक, आणि आपण ऐकतो ते रेकॉर्डिंग ज्याच्या मालकीचं त्याची दुसरी, तो मालक बहुतेक वेळा कंपनी. करार होतात ते पण तुकड्या-तुकड्याने. टीव्हीवर दाखवायला एवढी वर्षं, एवढ्या देशांत, व्हिडिओ काढायचा तर वेगळे पैसे. 2001 मध्ये टीव्हीसाठी करार करणाऱ्या माणसाच्या स्वप्नात तरी स्ट्रीमिंग होतं का? मग वीस वर्षांनी ते सगळं परत विचारत फिरा, तोवर अर्ध्या कंपन्या विकल्या गेलेल्या, आणि एवढ्या जुन्या सिनेमासाठी वकिलाला कोण पैसे देणार.

आणि यात नवीन काही नाही हो, हा जुना रोग आहे. 'हेवी मेटल' नावाचा ॲनिमेशन सिनेमा, तो पण गोष्टींची माळ आणि तो पण रॉकवाला, 1981 ला थिएटरात आला आणि गाण्यांच्या हक्कांच्या घोळात व्हिडिओवर अधिकृतपणे यायला 1996 उजाडलं. 'द वंडर इयर्स' तर आपल्याकडे पण केबलवर बघितलंय लोकांनी, 1993 ला संपलेली मालिका, डीव्हीडी आली 2014 ला, पोरं मोठी होऊन त्यांना पोरं झाली. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही तर रेडिओ स्टेशनवरचीच मालिका, डीजे रेकॉर्ड लावणार आणि आपण ऐकणार हाच जीव, आणि डीव्हीडीत बरीचशी खरी गाणी काढून कुठलंतरी भाड्याचं ढॅण-ढॅण घातलं. 'डारिया' या कार्टून मालिकेची डीव्हीडी 2010 ला आली तीही बहुतेक मूळ गाणी वगळूनच. म्हणजे दोन पर्याय, एकतर बघायलाच मिळणार नाही, नाहीतर मिळेल पण आतला आत्मा काढून मिळेल. भूताच्या सिनेमाला यापेक्षा मोठा अपमान कुठला?

राग याचा येतो की बाकीच्या गोष्टी पण चांगल्या आहेत. एकात हॉटेलच्या खोल्या फोडणारा रॉकस्टार आहे, ती भूमिका केलीय ड्युरान ड्युरान बँडच्या जॉन टेलरने, आणि तो कितीही तोडफोड करो, साफसफाई करणारी बाई येते आणि खोली जशीच्या तशी लख्ख. आता हे डाल्ट्रीच्या तोंडून ऐकायचं म्हणजे काय मजा आहे बघा, त्याच्याच बँडचा ड्रमर कीथ मून हॉटेलांची नासधूस करण्यात जगप्रसिद्ध, 1967 मध्ये मिशिगनच्या फ्लिंट गावात त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाला हॉलिडे इनमध्ये जो धिंगाणा झाला त्याचे किस्से अजून सांगतात. एका गोष्टीत जड नेल्सन हा नट नवीन गायक हेरणारा माणूस आहे आणि त्याने हेरलेला प्रत्येक जण मरतो. उरलेली एक आहे तिचं नावच डाल्ट्रीच्या बँडच्या गाण्यावरून, 'माय जनरेशन', तिच्यात हिप्पी पिढी विरुद्ध नव्वदच्या दशकातल्या ग्रंज रॉकची पिढी असं वैर आहे आणि दोन्हीकडे खुनी. कोणी म्हणेल एवढं काय, टुकार असेल. असेल ना टुकार! मला ठरवू दे! टुकार सिनेमा बघून शिव्या घालायचा पण हक्क असतो माणसाला.

आपण मुळात या बाबतीत कमनशिबीच. हा सिनेमा आला तेव्हा व्हीएच-वन भारतात नव्हतंच, ते आलं 2005 ला. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनला इंडिपेन्डन्स रॉक नावाचा रॉक महोत्सव व्हायचा, घाम, धूर, ढकलाढकली, स्वर्ग होता, तिथलं ते पण सायलेन्स झोन म्हणून बंद पडलं. तिकडे हॉस्पिटल आहेत, ठीक आहे, पेशंटचा त्रास समजू शकतो. माझ्या हॉलमध्ये कोण पेशंट ॲडमिट आहे?

डीव्हीडीचं म्हणाल तर त्यासाठी जगाचे विभाग पाडलेत, अमेरिकेतली डीव्हीडी रीजन 1 ची, आपला देश रीजन 5, म्हणजे मागवून, कुरिअर आणि कस्टमचे पैसे भरून वर प्लेअर म्हणणार चुकीची डिस्क. आणि प्लेअर आहे कुठे, तो माळ्यावर गणपतीच्या मखराखाली.

आमचा भाचा म्हणतो, "मामा, व्हीपीएन टाक ना, नाहीतर टोरेंट, कशाला एवढी चिडचिड." अरे पण मी का चोरासारखं लपतछपत बघू? जे कायदा पाळून पैसे टाकायला बसलेत त्यांना उलटं चित्र आणि डोरेमॉन, आणि जे चोरतात त्यांना फुल आवाजात डिस्को? शंभर रुपये सांगा, दोनशे सांगा, एका रात्रीचं भाडं सांगा, देतो. फक्त ती गाणी चालू करा आणि त्या डाल्ट्रीला सरळ उभं करा. तेवढं जमत नसेल तर निदान आज सकाळी जो 'तुमचं सबस्क्रिप्शन ऑटो-रिन्यू झालं, आनंद घ्या' असा मेसेज पाठवलात ना, त्यातलं ते 'आनंद घ्या' तरी काढा.