थकलेल्या म्हातारीची गोष्ट

भाचीला महिला दिनाला शाळेत भाषण करायचंय. काल तिने एक फॉरवर्ड पाठवला, खाली लिहिलं, "मावशी, हेच पाठ करू ना?" मजकूर असा: '१९५५, अमेरिका. शिवणकाम करून थकलेली रोझा पार्क्स नावाची म्हातारी बसमध्ये गोऱ्यांच्या जागेवर बसली. पाय दुखत होते म्हणून उठली नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीने बातमी देशभर नेली आणि कायदा बदलला. ना संघटना, ना तयारी!' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा दोनदा येऊन गेलाय, तेव्हा सोडून दिला. आता पोरीच्या तोंडी जाणार म्हटल्यावर बसले लिहायला.

म्हातारी? या कृष्णवर्णीय बाई ४२ वर्षांच्या होत्या. माझ्याहून लहान! गोऱ्यांच्या राखीव रांगांतही बसल्या नव्हत्या, त्यांच्या मागे होत्या. एका गोऱ्याला जागा न मिळून उभं राहावं लागलं म्हणून ड्रायव्हरने चौघांना उठायला सांगितलं; तिघे उठले, या उठल्या नाहीत. शिवणकाम तेवढं खरं. आणि थकवा? आपण थकलो होतो ते पडतं घेण्याला, असं पुढे त्यांनीच लिहिलंय.

पण 'ना संघटना, ना तयारी' म्हणजे कहर आहे. हे घडलं अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात, आणि पार्क्स १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संघटनेच्या तिथल्या शाखेच्या सचिव. अटक झाली गुरुवारी, १ डिसेंबरला. त्याच रात्री अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अॅन रॉबिन्सन दोन विद्यार्थी आणि एका सहकाऱ्याला घेऊन कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनपाशी उभ्या होत्या. सोमवारी बसमध्ये चढू नका, असं सांगणारी पत्रकं. एका कागदावर तीन, मग कापायची. पहाटे चारपर्यंत हजारोंनी निघाली. सकाळी आठचा तास होता, तोही बाईंनी घेतला आणि मग वाटायला निघाल्या. हे सगळं त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. पत्रकाची सुरुवातच बघा: 'आणखी एका निग्रो स्त्रीला अटक झाली आहे'. आणखी! पुढच्याच वाक्यात क्लॉडेट कॉल्व्हिनचं नाव. ही १५ वर्षांची पोरगी त्याच वर्षी मार्चमध्ये जागेवरून उठली नव्हती. आणि बहिष्काराचा इशारा देणारं पत्र रॉबिन्सनबाईंनी महापौरांना मे १९५४ मध्येच धाडलं होतं. तयारी आणखी कशाला म्हणतात?

बातमीचं अर्धं खरं, मान्य. गोऱ्यांच्या 'माँटगोमेरी अॅडव्हर्टायझर'ने रविवारी पहिल्या पानावर बहिष्काराची बातमी छापली आणि ज्यांच्या हाती पत्रक पडलं नव्हतं त्यांनाही कळलं. पण ती त्या बातमीदाराच्या कानावर घातली कोणी? चळवळीतल्या ई. डी. निक्सन यांनीच. आणि कृष्णवर्णीयांची स्वतःची पत्रंही होतीच: गोऱ्यांनी ठार मारलेल्या एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा छिन्नविच्छिन्न चेहरा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात छापला तो कृष्णवर्णीयांच्या 'जेट' मासिकाने... चुकले, साप्ताहिकाने. त्यांचं पहिलं वृत्तपत्र तर १८२७ चं, न्यूयॉर्कचं: 'आमची बाजू आम्हालाच मांडायची आहे.' 'मूकनायक' वाचलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

आणि कायदा? लोक ३८१ दिवस पायी किंवा एकमेकांच्या गाड्यांतून कामावर गेले. बसमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल लागला तो चार बायकांच्या खटल्यात. त्यांत कॉल्व्हिन होती, पार्क्स नव्हत्या.

भाचीला हे पाठवलं. उत्तर आलं: "मावशी, भाषण तीन मिनिटांचं आहे." म्हटलं, मग त्या पत्रकातल्या 'आणखी'पासून सुरू कर.